केरा कुणाची

मथुरा मला अंधेरीच्या मासळीबाजारात दिसली तेव्हा मी आधी तोंड चुकवायलाच बघितलं. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत संस्थेत माझ्या टेबलासमोर उभी राहून भरलेले फॉर्म हातात देणारी ही मुलगी आता पाटीमागे बसून पापलेटांवर पाणी मारत होती, आणि तिला तिथे बसवणारी मीच होते. पण बाजाराची ती गल्ली इतकी अरुंद, की चुकवून जाणार कुठे? हाक तिनेच मारली. "रोझारिओबाय, या ना. सकालचे हायत." आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. तिने दोन पापलेटं निवडली, कल्ले उघडून लाल दाखवले, कागदात बांधली आणि पुडी माझ्या हातात देतादेता म्हणाली, "ती पोरगी हाय हां अजून. चार वर्सांची झाली." मी विचारलं, "कुठली पोरगी?" मला पक्कं ठाऊक होतं कुठली ते. "केरा. मी लिवली नि तुमी खोडली ती." एवढं बोलून ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. मी तिथेच उभी राहिले, मागच्या बाईने कोपराने बाजूला सारीपर्यंत. मग घरी न जाता मासे घेऊन तशीच ऑफिसात गेले आणि ती पुडी दिवसभर माझ्या टेबलाखाली वास मारत राहिली.

संस्था म्हणजे अंधेरी पूर्वेला एका इमारतीचा वरचा मजला. उपनगरांतल्या कुटुंबांत किती मुलं जन्मतात, किती जगतात, याची पाहणी आम्ही करत होतो. फॉर्म भरायला वस्तीवस्तीतून पोरंपोरी जायची. मी जात नसे. माझ्याकडे यायची ती कार्डं. कडेने भोकं पाडलेली जाड कार्डं, एका कुटुंबाचं एक. शंभर कार्डांचा गठ्ठा नीट करून हव्या त्या भोकातून विणकामाच्या सुईसारखी लांब सुई घालायची आणि उचलून हलवायचं, की त्या भोकाशी खाच असलेली कार्डं टेबलावर गळून पडतात. तीन मुलांच्या आया पडल्या, चार मुलांच्या सुईवर राहिल्या. हा खेळ मला मनापासून आवडायचा, खोटं कशाला बोलू. मी मरोळ गावठाणातली. तिथे सगळ्यांना सगळ्यांचं सगळं माहीत. जॉनीने माझ्याशी ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा त्याचं कारण चर्चच्या पायऱ्यांवर आधी पोचलं आणि माझ्याकडे चार दिवसांनी आलं. माझ्याबरोबरच्या मुली नर्स झाल्या, टायपिस्ट झाल्या, शाळेत शिकवायला लागल्या. मी संख्याशास्त्रात एम.ए. केलं, ते बहुतेक या माहीत असण्याला कंटाळूनच. कार्डाला नाव नसतं. कार्डाची आई कुणाची कोण लागते हे कुणी विचारत नाही. गावठाणात मला 'आकडेवाली' म्हणायचे, थट्टेने, आणि मी ते बक्षीस मिळाल्यासारखं अंगावर मिरवायची.

संस्थेत पूर्वी वहीवाले होते. पाटकर म्हणून एक शेवटचे उरले होते. ते वस्तीत जाऊन महिनामहिना बसायचे, चहा प्यायचे, बायकांच्या तक्रारी ऐकायचे आणि वह्या भरून आणायचे. त्या वह्यांतून एक साधा तक्ता निघत नसे. आम्ही फॉर्मवाले त्यांना पाठीमागे 'कीर्तनकार' म्हणायचो, आणि हे नाव ठेवणारी, सांगायला हरकत नाही, मीच. ते निवृत्त झाले त्या वर्षी मी माझी जुळणी आणली. दर दहा घरांमागे एका घरात दुसऱ्याच माणसाला पाठवायचं, पहिला फॉर्म त्याला दाखवायचा नाही, आणि मग दोन्ही फॉर्म शेजारी ठेवायचे. चाळीस घरांत दोनपर्यंत फरक चालेल. तीन झाले तर त्या माणसाने घरी बसून फॉर्म भरले असं धरायचं आणि त्याचं सगळं काम रद्द. या जुळणीने माझं नाव झालं. दिल्लीहून पत्र आलं, डायरेक्टर मला मीटिंगांत आपल्या शेजारी बसवायला लागले. मथुरा ही खारदांड्याची, कोळ्यांतली, मॅट्रिक झालेली. दांड्याच्या बायका परक्याशी बोलत नाहीत म्हणून तिला मुद्दाम घेतली होती. तिच्या चाळीस घरांत तीन फरक निघाले.

त्या दिवशी पाच माणसांसमोर तिला बसवलं होतं. दोन फरकांची तिने चूक कबूल केली, मान खाली घालून, शाळेतल्या पोरीसारखी. तिसऱ्यावर अडली. द्रौपदी नावाची बाई, घर मच्छीमार, मथुराच्या फॉर्मात सहा जन्मली, तीन जिवंत. दुसऱ्या फॉर्मात पाच जन्मली, दोन जिवंत. मी विचारलं, "तू ते मूल पाहिलंस?" ती म्हणाली, हो. "आईने सांगितलं?" "नाय." "मग लिहिलंस कशावरून?" ती म्हणाली, "मना माहीत हाय." आणि मी, पाच जणांसमोर, जरा ऐटीतच म्हणाले, "माहीत असण्याचा कॉलम आपल्याकडे नाही, मथुरा." दोघं हसले. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. संध्याकाळी तिचं ओळखपत्र काढून घेतलं आणि मी तिची चारशे कार्डं गठ्ठ्यातून बाहेर काढली. त्या रात्री मला छान झोप लागली होती, हेही आता आठवलं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बाजारात गेले. मासे घ्यायला नाही. पाटीच्या बाजूला ओल्या फरशीवर चवड्यांवर बसले आणि सरळ विचारलं, केरा कोण. मथुराने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणून सांगितलं. द्रौपदीला आधी दोन मुलगे झाले, ते जगले. मग एकापाठोपाठ तीन पोरं गेली, तिघंही वर्षाच्या आत. मग ही मुलगी. जन्मली त्याच दिवशी तिला सुपात घातली, सुपात घरातला केर टाकला आणि द्रौपदीने स्वतः केरसुणीने सूप उंबऱ्याबाहेर लोटलं. समोरच्या घरातली सुगंधा टपूनच बसलेली. तिने उचललं आणि मोठ्याने म्हणाली, "मना गो सापडली!" म्हणून नाव केरा. पाच वर्षं पुरी होईपर्यंत ती सुगंधाची, द्रौपदीची म्हटली तर मागच्या तिघांसारखी हीही जाईल म्हणून. दूध द्रौपदीचं प्यायली, झोपते द्रौपदीजवळ, पण तिला हाक मारते काकी. द्रौपदीला विचाराल तर ती म्हणणार सुगंधाची, आणि सुगंधाच्या घरी विचाराल तर ती म्हणणार लोकांची हाय. "म्हणजे गेलेल्या तिघांची नावं ती घेते, आणि जिवंत आहे तिचं नाही?" मी म्हणाले. मथुराने माझ्याकडे असं पाहिलं, जणू एम.ए. मी नाही, तिनेच केलंय. "गेलेल्यांचं आता काय जायचंय, बाय?" मग मला राहवलं नाही. "त्या दिवशी हे का नाही सांगितलंस?" "पाच मानसं बसलेली. एवढ्यांच्या म्होरं बोललं की ती तिची होते ना."

माझ्या जुळणीत जी दोन माणसं एकच उत्तर घेऊन येतात ती खरी. इथे दोन माणसं गेली असती तर काय, वीस गेली असती तरी द्रौपदीने दोनच सांगितलं असतं, आणि आम्ही म्हटलं असतं, वा, काय पक्का आकडा आहे. कार्डं गळताना ही मुलगी कुठल्याच सुईवर नव्हती आणि टेबलावरही नव्हती. मी दोन दिवस हेच घोळवत होते. जेवताना, बसस्टॉपवर, अंघोळ करताना. दांड्यात अशा केरा किती? मढला किती, वेसाव्याला किती? आणि आमच्या गावठाणात? माझी आई दुसऱ्या खोलीत भात काढत होती. तिला विचारावं असं मनात आलं आणि विचारलं नाही. भीती वाटली. आजवर मला आकड्याची भीती वाटली नव्हती, चुकलेला आकडा सापडतो आणि दुरुस्त होतो, त्यात भिण्यासारखं काय? ही भीती निराळी होती. आपण नक्की काय काम करतो, असं कुणी विचारलं तर काय सांगायचं, अशी.

डायरेक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हे. चष्मा पुसत म्हणाले, "मिस रोझारिओ, गोष्ट छान आहे. पाटकर असते तर त्यांनी वहीत लिहून घेतली असती. पण रिपोर्ट पुढच्या आठवड्यात छापायला जातोय. तुम्ही फॉर्म पुन्हा भरून आणा, आईच्या तोंडून, खाली तिचा अंगठा. मी त्या मुलीला परत घेतो, तिची कार्डंही गठ्ठ्यात येतील. अंगठा नसेल तर तुमचाच नियम आहे." मी म्हणाले, आणते. मथुराची नोकरी परत मिळवून द्यायची, हेच कारण मी स्वतःला सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. पण त्याच्या खाली आणखी एक होतं. तक्ता बरोबर व्हायला हवा होता. केराला तिच्या रकान्यात बसवल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून मी दांड्याला गेले. आठ वर्षांत पहिल्यांदा वस्तीत पाय ठेवत होते, पिशवीत कोरा फॉर्म आणि शाईचा पॅड. मथुरा वाटेवर भेटली. मी कशाला आलेय हे कळल्यावर म्हणाली, "नको, बाय. एक वरीस ऱ्हायलंय फकस्त. मी इकीन मासली, मना काय त्याचं?" मी म्हटलं, तुझ्या एकटीचा प्रश्न नाही. हे वाक्य मी फार गंभीरपणे म्हणाले. द्रौपदी अंगणात सुकलेले बोंबील निवडत बसली होती, पन्नाशीची दिसत होती आणि फॉर्मात पस्तीस होती. समोरच्या दारात सुगंधा. आणि दोन दारांच्या मधे, धड इकडे ना तिकडे, एक मुलगी मातीत बोट फिरवत बसली होती. नाक टोचलेलं, कपाळाच्या बाजूला काजळाचा मोठा ठिपका. मी तिच्याकडे बघत राहिले. एवढ्या वर्षांत मी हजारो मुलं मोजली होती आणि त्यातलं पाहिलेलं हे पहिलं.

मी द्रौपदीला सगळं समजावून सांगितलं. समजावणं मला छान जमतं. मथुरा खोटी ठरली, तिची नोकरी गेली, तुम्ही एक शब्द सांगितलात तर ती परत मिळेल, हा कागद कुणी वाचणार नाही, कपाटात राहील. बोंबील निवडणारे तिचे हात थांबले. "मथुरेची नोकरी माजे पायी गेली?" तिने मथुराकडे बघून विचारलं. मथुरा म्हणाली, "काय नाय गेली, तू बोलू नको." दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मी मधे पॅड धरून. तेवढ्या वेळात माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते मला लख्ख आठवतं. बोलल्याने मूल मरत नाही, हे मला माहीत होतं. पण माझ्याच तक्त्याप्रमाणे त्या किनाऱ्यावर पाच वर्षांच्या आत सहातलं एक मूल जातं, हेही मलाच माहीत होतं. त्यातलं बरंचसं पहिल्या वर्षीच, तरी शिल्लक राहतंच. म्हणजे या मुलीला काही झालं, कशानेही, पटकीने, गोवराने, समुद्राने, तर ही बाई मरेपर्यंत हा अंगठा आठवत बसेल. हा हिशेब मी तिथे उभ्याउभ्या केला, बिनचूक केला. आणि पॅड मागे घेतला नाही.

"लिव," द्रौपदी म्हणाली. तिने हात पदराला पुसले, मातीतल्या मुलीकडे न बघता म्हणाली, "माजी हाय. केरा माजी हाय." समोर सुगंधाने कानांवर हात ठेवले. अंगठा स्वच्छ उमटला, एकेक रेघ दिसत होती. मी फॉर्मची घडी करत होते तेवढ्यात द्रौपदी उठली, मुलीपाशी गेली, तिला उचलून घट्ट धरलं आणि तिच्या मानेत तोंड घालून म्हणाली, "आय बोल. आता बोल आय." मुलीला कळेना. ती सुगंधाकडे बघायला लागली. "बोल गो," द्रौपदी हसत होती आणि रडत होती. मुलगी म्हणाली, "काकी." मी तिथून निघाले. मथुरा वाटेपर्यंत आली नाही.

रिपोर्ट छापून आला. मथुरा परत आली, तिची कार्डं गठ्ठ्यात आली, मला मुख्य संशोधक केलं आणि दरवाजावर नावाची पाटी लागली. मी प्रस्तावनेत या प्रथेबद्दल दीड पान लिहिलं होतं, सगळ्या वस्त्यांत अशी मुलं निसटली असणार असं. डायरेक्टरांनी ते तळटीपेत दोन ओळींवर आणलं. मी भांडले नाही. मथुराचे फॉर्म आता इतके जुळायला लागले, की चाळीस घरांत एकही फरक नाही. एकदा मी तिला बोलावून विचारलं. ती म्हणाली, "आता सांगतील तेवडंच लिवते." तिच्या आवाजात काहीही नव्हतं. ते फॉर्म खोटे आहेत हे तिला माहीत, मला माहीत, आणि माझ्या जुळणीत ते संस्थेतले सगळ्यात उत्तम फॉर्म होते. मी त्यांवर सही करायची. कार्डांचा गठ्ठा उचलून सुई हलवायची आणि पडलेल्या कार्डांकडे बघत बसायची. माझ्या हाताखालच्या मुलाने दोनदा विचारलं, मॅडम, बरं नाही का?

दर रविवारी मी दांड्याला जायला लागले. कागद नाही, पेन्सिल नाही. पहिल्या वेळी केरा बरी आहे ना एवढंच बघून आले. मग सवयच लागली. द्रौपदी मला बसायला पाट द्यायची, चहा द्यायची, बोलायची कमी. ती माझ्यावर रागावली नव्हती, ती घाबरलेली होती, आणि घाबरलेल्या माणसाला सोबत लागते. केरा तिला आय म्हणायला शिकली होती. दिवसातून पन्नास वेळा म्हणायची, आणि दर वेळी द्रौपदीचा चेहरा खुलायचा आणि लगेच ती समुद्राकडे बघायची. वस्तीतल्या बायका विचारायच्या, ही कोण? सरकारची काय? द्रौपदी म्हणायची, नाय, ती अशीच येते. पाटकरांच्या वह्यांत असं कुठे आलं असेल का, की मी अशीच जातो? मला त्या वह्या वाचाव्याशा वाटल्या. स्टोअरमध्ये विचारलं तर कळलं, रद्दीत गेल्या. मी संशोधक म्हणून तिथे जात नव्हते, पाहुणी म्हणूनही नाही. त्या मुलीच्या पाचव्या वर्षाला किती दिवस राहिले ते मोजत होते. रोज एक कमी व्हायचा. आयुष्यभर आकडे मोजले, पण आकडा असा छातीवर बसलेला मला माहीत नव्हता.

पाच आठवडे राहिले होते तेव्हा एका बुधवारी मथुरा माझ्या टेबलापाशी आली आणि फॉर्म ठेवतठेवत म्हणाली, "केराला ताप हाय. परवापास्नं." मी रजेचा अर्ज लिहिला. कारणासाठी एक ओळ होती, तिथे 'घरगुती' लिहिलं आणि निघाले. केरा चटईवर पडली होती, ओठ सुकलेले, पायाचे तळवे निखाऱ्यासारखे. डॉक्टर येऊन औषध देऊन गेला होता. द्रौपदी तिच्या डोक्याशी बसली होती आणि मला बघून तिने मुलीचं डोकं मांडीवर ओढून घेतलं. सुगंधा दारात उभी. मी तिथे गुडघ्यावर बसले, मुलीचा हात हातात घेतला आणि मनात म्हणायला लागले, एका उदाहरणावरून काहीही सिद्ध होत नाही. एका उदाहरणावरून काहीही सिद्ध होत नाही. दहा वेळा म्हटलं. मग उठले आणि दांड्यावरून चालत वांद्र्याला निघाले, मोत माउलीच्या, म्हणजे माउंट मेरीच्या डोंगराकडे, जिथे आमची माणसंही जातात आणि कोळीही जातात, आणि जिथे मी एम.ए. झाल्यापासून गेले नव्हते.

चढावर दुकानं मांडलेली होती. मेणबत्त्या, आणि मेणाचे हात, पाय, घरं, होड्या, बाळं, ज्याचं जे दुखतं ते. मी मेणाची एक मुलगी उचलली. विकणारी म्हातारी आमच्यातलीच, लुगडं नेसलेली, चेहरा ओळखीचा वाटावा अशी. तिने मुलगी कागदात गुंडाळताना मायेने विचारलं, "कोनाची गो? तुजी काय?"

"नाही," मी म्हणाले. "माझी नाही. माझी कुणी लागत नाही ती. कुणाचीच नाही, केरात सापडली." आणि हे मी जरा मोठ्यानेच म्हणाले, ज्याला ऐकायचं असेल त्याने नीट ऐकावं म्हणून.